टर्नटेबलला ट्रॉली मानवत नाही

डीजेने टर्नटेबल (तबकडी फिरवून सुईने गाणं वाजवणारं यंत्र) घ्यावं की कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताळायची बटणांची पाटी), हा वाद सोलापुरात जागा बघूनच मिटतो. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टर्नटेबल चढवायचा विचारही करू नये. रस्त्याच्या खड्ड्याला सुई उडते, हे कुणालाही कळतं. पण ट्रॉली उभी असली तरी सुटका नाही. सुई वाचते ते खोबणीतले मायक्रॉनमध्ये मोजायचे चढउतार. बेसच्या पेट्यांनी फळी थरथरली की ती थरथरही सुई गाणं म्हणूनच उचलते, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवून परत पेट्यांना देतो, आणि दोन सेकंदांत नुसता घुमारा सुरू होतो. आवाज कमी करणं हाच तिथे उपाय, आणि मिरवणुकीत तो कुणी ऐकणार नाही.

बंद हॉलमध्ये मात्र हे आवरता येतं, आणि त्याचं सामान आपल्याकडे स्वस्त आहे. टेबलावर जाड फोमचे चार तुकडे, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर डेक, म्हणजे टर्नटेबल. फरशीचं वजन आणि फोमचा मऊपणा दोन्ही लागतात. नुसत्या फोमवर ठेवलं तर स्क्रॅच करताना, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे घासताना, डेक डुलतो. बेसची पेटी त्याच स्टेजवर नको, खाली जमिनीवर ठेवा. मिक्सरनंतर (आवाज मिसळायच्या पेटीनंतर) 30 ते 40 हर्ट्‌झच्या खालचा आवाज कापून टाका.

टोनआर्म (सुई धरणारी दांडी) लावताना घाई नको. अँटीस्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारी कळ) शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं. मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत आणा. मग वजन न हलवता फक्त आकड्यांची रिंग शून्यावर घ्या आणि त्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर लिहिलेल्या आकड्यावर या. डीजेच्या बऱ्याच कार्ट्रिजना तो 3 ते 4 ग्रॅम असतो. सुई उडते म्हणून वर नाणं चिकटवणारे असतात; त्यात तबकडी झिजते आणि सुईही वाकते. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहत असाल तर सुताचे तंतू हा रोजचा त्रास: सुईच्या टोकाला गोळा धरतो आणि वरच्या पट्टीतले आवाज फुसफुसतात. ब्रश नेहमी मागून पुढे फिरवायचा.

टर्नटेबलची वायर मिक्सरच्या ‘लाइन’मध्ये खुपसली तर आवाज बारीक आणि बेस गायब. कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देतं, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस दाबलेला असतो. तो परत उचलायचं काम ‘फोनो’ इनपुट करतं. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरना ते नसतंच. ‘फोनो’मध्ये लावूनही घरघर आली तर आधी अर्थची सुटी वायर मिक्सरच्या स्क्रूला बांधली आहे का बघा.

मधला रस्ता म्हणजे टाइमकोडची तबकडी. तिच्यासाठीचं सॉफ्टवेअर, सेराटो कंपनीचं स्क्रॅच लाइव्ह, 2004 साली आलं. तबकडीवर गाणं नसतं, एक सूर असतो. त्यावरून लॅपटॉप वेग आणि दिशा ओळखतो. सेटिंगच्या पडद्यावर त्या सुराचं वर्तुळ गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. ते चपटं किंवा केसाळ दिसलं तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी सुई आणि हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं त्या भागाच्या) चार पिना पुसा. सुई उडण्याचा धोका असेल तर ‘रिलेटिव्ह’ मोड घ्या; त्यात लॅपटॉप सुईची जागा नाही, फक्त वेग आणि दिशा बघतो, मग गाणं भलतीकडे जात नाही.

डिजिटलचं दुखणं वेगळं. डीजेची यंत्रं बनवणाऱ्या पायोनिअरच्या बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा 35 अंश छापलेली असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे उघड्यावर लावलेला सेट सावलीतसुद्धा मर्यादेबाहेरच. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो आणि आवाजात चटचट येते. बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवला की ती जाते, पण हाताखालचं गाणं उशिरा हलतं. जनरेटरचं व्होल्टेज पडलं की प्लेयर रीस्टार्ट होतो, म्हणून मिक्सर-प्लेयरला छोटा यूपीएस हवाच. अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्यावर टाकू नका. पेनड्राइव्ह एफएटी 32 मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस ही यंत्रं ओळखत नाहीत. आणि एकाच गाण्यांच्या दोन पेनड्राइव्ह खिशात ठेवा.

आता ऐकण्याचा मुद्दा, आणि इथे माझं माप तबकडीकडे झुकतं. जुनी मराठी-हिंदी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली. लय अंतऱ्यात थोडी चढते. सॉफ्टवेअरची ग्रिड (ठोक्यांची आखलेली जाळी) तिथे सरकते, आणि दादऱ्याचं सहा मात्रांचं गाणं तर ते चारच्या हिशेबात कोंबतं. तिथे सिंक (लय आपोआप जुळवायचं बटण) दाबलं की दोन गाणी लंगडतात. टर्नटेबलवर शिकलेला हात तबकडीच्या कडेला बोट टेकवून हे सावरतो. त्याची किंमतही आहे: पिच (तबकडीचा वेग) सुमारे 6 टक्के वाढवला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. डिजिटलमध्ये की-लॉकने सूर जागेवर राहतो, पण फार ताणलं तर गाणारा डब्यातून बोलतोय असं वाटतं.

शिकण्यासाठी जुना टेक्निक्स एसएल-1200 मार्क 2 मिळाला तर घ्या. हे मॉडेल 1979 चं आहे, तेव्हा तपासूनच. पिच मध्यावर ठेवा; थाळीच्या कडेचे सर्वांत मोठे ठिपके लाल दिव्यात स्थिर दिसले पाहिजेत. मग पिच हळूहळू सरकवा. ठिपके अडखळत पळाले तर पिचच्या पट्टीखाली धूळ आहे, ती साफ होते. पण आर्म बोटाने हलवल्यावर बुडाशी खडखडला तर बेअरिंग गेलंय. असा डेक स्वस्तात मिळाला तरी सोडा.