अळी निघाली तर समजा!

“बीटीची नाहीत ना रे ही?” मंडईत शेजारच्या काकूंनी वांगं नखाने दाबत विचारलं.

भाजीवाला हसला. “काकू, आत अळी निघाली तर समजा, नाहीये बीटी!”

आम्ही सगळेच हसलो. पण गडी बरोबर बोलत होता. अळीला मारक ठरणारं जीवाणूचं जनुक घातलेलं हे बीटी वांगं आपल्याकडे २०१० मध्ये अडवलं, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते पिकवताहेत.

घरी चहाबरोबर फरसाणाचं पाकीट फोडलं आणि उगाच मागची बारीक अक्षरं वाचली. सरकीचं तेल! म्हणजे कापूस. आणि आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाल्यापासून कापूस जवळजवळ सगळा बीटीच झालाय. (शुद्ध केलेल्या तेलात त्या जनुकाचं फारसं काही उरत नाही, हेही खरं. फरसाण संपवलं.)

मग वांगी चिरायला घेतली. तिसऱ्यातच अळी. तेवढा भाग कापला, बाकीचं रश्श्यात.

या वांग्यांवर कीटकनाशकाचे फवारे किती मारले होते, हे मंडईत काकूंनी विचारलं नाही. मीही नाही. तुम्ही विचारता?