गावचं कार्ड, रेशन सोलापुरात: माझा अनुभव

आमचं रेशन कार्ड मंगळवेढा तालुक्यातलं आणि आम्ही राहतो सोलापुरात, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकाम करते. कार्डावर सहा नावं, कार्ड ‘प्राधान्य कुटुंब’ गटातलं, म्हणजे माणशी ५ किलो धरून महिन्याला ३० किलो. ते आणायला गावी जायचं म्हणजे एक हजेरी बुडते वर एसटीचं भाडं, धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे हो पण भाडं कुठंय फुकट, म्हणून बऱ्याच वेळा आम्ही सोडूनच द्यायचो.

मग कारखान्यातल्या एका ताईंनी सांगितलं की कुठल्याही दुकानात उचलता येतंय, कार्ड बदलायचं काम नाही. एक देश एक रेशन कार्ड म्हणतात त्या योजनेला, २०१९ ला आपलं महाराष्ट्र-गुजरात आणि तिकडं आंध्र-तेलंगणा असं चालू झालं, २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत आलं. आधी सगळ्यांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवायची) करून घेतली. सासूबाईंचा थंब काही केल्या लागेना (आयुष्यभर खुरपलेले हात), शेवटी डोळ्याच्या मशीनवर झालं.

घराजवळचा दुकानदार सरळ म्हणाला बाहेरच्या कार्डाला माल नाही. मला राग आला, पण मागच्या गल्लीतल्या मालकांनी नीट समजावलं. कमिशन मिळतं वाटलेल्या क्विंटलवर, म्हणजे जास्तीचं गिऱ्हाईक त्यांना हवंच असतं, पण कोटा येतो दुकानाला जोडलेल्या कार्डांवर, आमच्यासारख्यांना दिलं आणि महिनाअखेरीला त्यांचेच कार्डवाले आले तर भांडण त्यांच्या दारात. मला वाटतं इथंच गाडी अडते. दुकान निवडायची मोकळीक दिली हे चांगलंच, दुकानदाराची मिजास जरा उतरली, पण माणूस गाव सोडून आला की त्याचा कोटाही मागोमाग यायला नको का?

तर त्यांनी मशीनमध्ये कार्डाचा १२ अंकी नंबर टाकला, मी थंब दिला, स्क्रीनवर पूर्ण ३० किलो आलं. मी म्हटलं दादा २० च टाका, बाकीचं सासू-सासरे गावात उचलतील. हे चालतं, बऱ्याच जणांना माहीतच नाही! फक्त त्याआधी गावी फोन करायचा, नाहीतर तिकडं कुणीतरी सगळंच उचललेलं असतं. मशीनची पावती मागून घ्या, आणि कोण नाहीच म्हणालं तर या योजनेच्या हेल्पलाइनला, १४४४५ ला फोन लावा.

गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी मात्र अजून गावावरूनच येते. दुकानवाले मालक म्हणतात पहिल्या आठवड्यातच येत जा ताई, शेवटी आलात तर मीच तुम्हाला नाही म्हणणार.