शेळीवाटपाचा दौरा: बाजारापासून पहिल्या वेतापर्यंत

खरेदी आणि वाटप एकाच दौऱ्यात उरकायचा मोह गरीब कुटुंबांना शेळ्या देऊन मदत करणाऱ्या बहुतेक गटांना होतो. आम्ही मात्र दोन फेऱ्या केल्या, पहिली बाजाराची, दुसरी वाटपाची, आणि मधे २१ दिवसांचं अंतर ठेवलं. बारा कुटुंबं, प्रत्येकी दोन शेळ्या आणि सगळ्यांत मिळून एक बोकड. दोन वर्षांपूर्वी शेळ्या दिलेल्या वस्तीवर जाणं मात्र शेवटी झालं. यापुढे असा दौरा करणाऱ्यांनी जुनी वस्ती आधी गाठावी, मग बाजार करावा. तिथे जे दिसतं त्यावरून खरेदीची यादी बदलते.

बाजारात पहाटेच पोचावं. दोन किंवा चार दाती (दुधाचे पडून तितके कायमचे दात आलेली) शेळी घ्यावी, म्हणजे साधारण सव्वा ते दोन वर्षांची. दात झिजलेली शेळी स्वस्तात मिळते, पण तिची वेतं (बाळंतपणं) संपत आलेली असतात. खालची पापणी ओढून पाहावी. आतून लालसर गुलाबी असली तर ठीक, पांढरट पडलेली असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत असं समजावं. शेपटीखाली हगवणीचे डाग, नाकातून स्राव, कासेत गाठ, लंगडणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे जावं. विक्रेता सांगेल त्या वजनावर विसंबू नये, टेप लावावी. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६० केलं की किलोत अंदाज येतो. घेर २८ आणि लांबी २६ इंच असेल तर वजन भरतं सुमारे ३१ किलो.

व्यायला सहा आठवड्यांपेक्षा कमी दिवस राहिलेली शेळी गाडीत चढवू नये, गाभडण्याचा (गर्भ पडण्याचा) धोका असतो. गाडीच्या तळाला वाळू किंवा वाळलेलं गवत टाकावं, बोकड आडोसा करून वेगळा बांधावा, दुपारचं ऊन टाळावं. प्रवासाच्या ताणानंतर आठवडाभरात फुफ्फुसदाहाने जनावरं दगावतात, आणि वाटप आधीच झालेलं असेल तर तो मृत्यू थेट त्या कुटुंबाच्या दारात होतो. मधले २१ दिवस त्यासाठीच.

हे दिवस असे गेले. पहिले दोन दिवस फक्त सुका चारा आणि पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जंतनाशक. गाभण असण्याची शंका असेल तर अल्बेंडाझोल हे जंतनाशक देऊ नये. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून दुसरं औषध पशुवैद्याला विचारून घ्यावं. मग पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार करणारा जिवाणूजन्य रोग) यांची लस, आणि आंत्रविषाराचा दुसरा डोस दोन आठवड्यांनी. पीपीआरची लस सुमारे तीन वर्षं टिकते, आंत्रविषाराची दरवर्षी टोचावी लागते. या तारखा कुटुंबाच्या कार्डावर लिहून द्याव्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

वाटपाच्या दिवशी आधी वाडा पाहावा, मग शेळी उतरवावी. एका शेळीला १० चौरस फूट कोरडी, उंचावरची जागा हवी आणि चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यायला हवा. पहिल्याच रात्री होणारी चूक प्रेमापोटी होते. घरात लक्ष्मी आली म्हणून तिच्यापुढे मापभर धान्य ओततात. पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि दोन दिवसांत शेळी मरते. धान्याचा खुराक दिवसाला २०० ते २५० ग्रॅमच्या वर नको, आणि तोही आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा. हे तोंडी सांगून भागत नाही. घरातल्याच एखाद्या वाटीने मोजून दाखवावं आणि तीच वाटी खुराकासाठी ठेवायला सांगावी.

आता सगळ्यात कळीचा हिशेब. शेळी गाभण राहायला महिनाभर, गाभणकाळ पाच महिने, आणि करडू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-नऊ महिने. म्हणजे हातात पहिला पैसा यायला चौदा-पंधरा महिने लागतात. या काळात घरात दुखणं आलं किंवा मजुरी बंद पडली की शेळीच विकली जाते, आणि त्यात कुटुंबाची काहीही चूक नसते. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरिबांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात जनावराबरोबर ठरावीक काळ खर्चाला पैसे, बचत, प्रशिक्षण आणि सुमारे दोन वर्षं नियमित घरभेटी होत्या. याच पद्धतीचा सहा देशांतला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबल्यावर वर्षभरानेही बहुतेक ठिकाणी सुधारणा टिकून होती. होंडुरासमध्ये मात्र अनेक कुटुंबांनी कोंबड्या निवडल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रोगाने मेल्या. निधी तोकडा असेल तर कुटुंबं कमी घ्यावीत. खर्चाचे पैसे आणि भेटी कापू नयेत.

जुन्या वस्तीवर कळपात करडं बारीक दिसली. कारण लगेच सापडलं: बोकड तोच, आणि आता त्याच्याच लेकी त्याच्याकडून फळत होत्या. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, पण दोन वर्षांत तो बदललाच पाहिजे. दोन वस्त्यांनी बोकडांची अदलाबदल केली तर नवीन खरेदीही लागत नाही. दुसरी गोष्ट परतफेडीची. पहिलं मादी करडू, म्हणजे पाट, पुढच्या कुटुंबाला द्यायची पद्धत हायफर इंटरनॅशनल या संस्थेने जगभर रुजवली. त्यांच्या कामाची सुरुवात १९४४ मध्ये पोर्तो रिकोला पाठवलेल्या १७ कालवडींपासून झाली. तत्त्व सुंदर आहे. तरी ज्यांना दोनच शेळ्या मिळाल्या त्यांच्याकडून ती पाट दुसऱ्या वेतातली घ्यावी असं आमचं ठाम मत झालं. पहिलं वेत त्या घराचंच राहू द्यावं.

पुढची भेट वेताच्या आठवड्यात ठरवा. पिशवीत टिंक्चर आयोडीन, स्वच्छ पातं, दोरा आणि निपलची बाटली असू द्या. नाळ कापून आयोडीनमध्ये बुडवावी, आणि तासाभरात करडाच्या पोटात चीक (व्यायल्यानंतरचं पहिलं दूध) जायला हवा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात मिळून २०० मिली, चार-पाच वेळा थोडा थोडा.