खरडपट्टीची भावंडे

चुकलेल्या माणसाला कठोर शब्दांत सुनावण्यासाठी मराठीने जेवढी शब्दसंपत्ती जमवली आहे, तेवढी त्याचे कौतुक करण्यासाठी जमवली असेल असे मला वाटत नाही. कोशात खरडपट्टी, कानउघाडणी, ताशेरे, वाभाडे हे शब्द जवळपास समानार्थी दिसतात. वापरात मात्र एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य लंगडते.

कानउघाडणी करणाऱ्याला समोरचा सुधारावा असे मनापासून वाटत असते, आणि तो अधिकार त्याला वयाने, नात्याने किंवा विद्येने मिळालेला असतो. म्हणून आजोबा नातवाची कानउघाडणी करतात, पण नातू आजोबांची करू लागला तर तो विनोद ठरतो. खरडपट्टीत ही आपुलकी उरत नाही, आणि ती सहसा समोरासमोरच काढली जाते. वाभाडे काढायला मात्र समोर माणूसच हवा असे नाही; अर्थसंकल्पाचे, नाटकाचे, एखाद्या युक्तिवादाचेही वाभाडे निघतात. ताशेरे ओढण्याचा मान न्यायालयाचा, फार तर चौकशी समितीचा. घरात आवाज कितीही चढला तरी कोणी कोणावर ताशेरे ओढत नाही.

सर्वांत मौज वाटते ती सभ्य शब्दांच्या दुसऱ्या जन्माची. हजेरी, समाचार, पूजा हे शब्द एरवी किती सालस. पण हजेरी किंवा समाचार 'घेतला' जातो आणि पूजा 'बांधली' जाते, तेव्हा समोरच्याची धडगत नसते. पूर्वजांचा उद्धार व्हावा म्हणून माणसे व्रते करतात, आणि तोच उद्धार भांडणात फुकट होतो. 'टीका' या शब्दाचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली, ती तिचा अर्थ उलगडून सांगण्यासाठी. आज कोणी गीतेवर टीका केल्याची बातमी आली, तर गावोगाव निषेध सभा भरतील. (शालजोडीतले मारणारे त्यातल्या त्यात सोयीत असतात, कारण शालीत काय गुंडाळले आहे ते त्यांना स्वतः सांगावे लागत नाही.)

क्रियापदांची वाटणीही एकतर्फीच आहे. बोलणाऱ्याकडे काढणे, घेणे, ओढणे, सुनावणे, झापणे अशी रांग उभी असते. ऐकणाऱ्याला बोलणी बसतात, किंवा ती खावी लागतात. त्याने उलट उत्तर दिलेच, तर त्याला उद्धटपणा म्हणतात, आणि त्याबद्दल बोलणी पुन्हा नव्याने सुरू होतात.