न्यू मेक्सिकोचा लाल चिले

आजचा अख्खा दिवस लाल चिले, म्हणजे वाळक्या लाल मिरचीच्या या एका रश्श्याला दिला आणि तो दिवस सार्थकी लागला.

न्यू मेक्सिकोतल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांचा मका, 1598 पासून स्थायिक झालेल्या स्पॅनिशांचा गहू आणि डुक्कर, मेक्सिकोतून आलेली मिरची, हे सगळं एका पातेल्यात. अमेरिकेतल्या या राज्यात आजही जेवताना विचारतात, "लाल की हिरवा?" दोन्ही हवे असतील तर म्हणायचं "ख्रिसमस".

वाळक्या लांब मिरच्या 15. देठ, बिया काढायच्या. मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी मिळून जेमतेम अर्धा मिनिट. वास सुटला की उचला. काळा डाग पडला तर ती मिरची टाकून द्या, कारण तो कडवटपणा पुढे कशानेही जात नाही. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. भिजवणीचं पाणी चाखा, कडू असेल तर ओतून द्या आणि ताजं दोन कप घालून वाटा. मग गाळा. साल राहिली तर रस्सा जिभेला खरखरीत लागतो.

चरबीत लसणाच्या 3 पाकळ्या, चमचाभर कणीक गुलाबी परता, वाटण घाला, मंद आचेवर 20 मिनिटं. टोमॅटो नको. मिरचीचीच चव लागली पाहिजे.

पोसोले म्हणजे मका आणि डुकराच्या मांसाचा रस्सा. त्यासाठी चुन्याच्या पाण्यात शिजवून सोलून वाळवलेला मका रात्रभर भिजवून डुकराच्या मांसाबरोबर तीन-चार तास शिजवतात. दाणा फुलासारखा उमलला की मगच मीठ आणि हा रस्सा.

आपल्याकडे ब्याडगी चालेल, रंग तसाच येतो.