काटा १६० वर अन् माझा जीव टांगणीला

आज औशाकडं एका शेतात पाइपलाइनची चारी खोदायलो होतो, छोट्या ट्रॅक्टरचा बॅकहो (मागं बसवलेला खोदायचा हात), ऊन तर विचारूच नका. दुपारी सहज हायड्रॉलिक तेलाच्या (ज्याच्या दाबावर हा हात हलतो) तापमानाच्या गेजकडं बघितलं तर काटा १६० वर! म्हटलं झालं, पंप गेला, आता हप्ता कशानं भरायचा. मशीन बंद करून मिस्त्रीला फोन लावला तर ते आधी पोटभर हसलं, मग म्हणालं दादा, काट्याखाली बारीक अक्षर वाचा की. वाचलं, एफ! म्हणजे फॅरनहाइट. १६० म्हणजे आपले ७१ सेल्सिअस, गरम आहे पण मरणाचं नाही. १८० म्हणजे ८२ च्या वर गेलं की मात्र तेल पातळ होतंय, सील कडक होऊन गळायला लागतात, तेलाचं आयुष्यही घटतंय.

पण एवढं तरी का तापलं? चूक माझीच. खाली पाषाण लागला होता अन् मी बकेट अडकलेली असतानाही लिव्हर ओढून धरायलो होतो. बकेट हलतच नाही मग तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब लई वाढला की उघडणारी झडप) जोरानं परत टाकीत, सगळी ताकद नुसती उष्णता होऊन तेलात. वरून तेल थंड करणाऱ्या कूलरच्या जाळीत पाचट अन् धूळ गच्च, हवाच जाईना. तेलाची पातळी बघितली, ती बरोबर होती, नशीब.

जाळी साफ केली, पाषाण बाजूनं उकरून काढला, तासाभरात काटा १४० वर. मालक मात्र तेवढा तास भाड्यातून कापायचं म्हणायलेत 😅