पाव-पाव मिलीअँपिअर

दर पाच मिनिटांनी माझा आवाज बसतो. तीस सेकंद. समोरची बाई ब्लाउजचं माप देत असते, मी "मागून गळा किती खोल?" विचारायला जाते आणि "खोल" म्हणेपर्यंत आवाज घोगरा. नवीन गिऱ्हाईक विचारतं, सर्दी झाली का? जुन्या बायका नुसत्या थांबतात. फिटसाठी छातीत बसवलेलं यंत्र चालू झालंय, हे त्यांना माहीत आहे.

मला नवव्या वर्षापासून फिट येतात. हातपाय झाडणाऱ्या क्वचित. बहुतेकदा पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग मी एकटक बघत राहते, ओठ चाटते, हातातलं कापड चुरगाळते. भानावर आल्यावर काही आठवत नाही. एकदा त्यात शिलाई मशीन चालूच राहिलं आणि सुई बोटातून आरपार गेली. तोवर पाच औषधं बदलून झाली होती, तीन एकत्र चालू होती, तरी महिन्याला आठ-दहा फिट ठरलेल्या. दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसतील तर नुसत्या गोळ्या बदलून फारसं हाती लागत नाही, मोठ्या केंद्रात तपासून घ्यावं लागतं, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं. आधी कुणी सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

पुण्यात व्हिडिओ ईईजीसाठी भरती झाले, म्हणजे फिट येताना मेंदूतल्या विजेची नोंद आणि चित्रीकरण एकत्र. डोक्यावर चिकटवलेल्या वायरी, वर फेट्यासारखं बँडेज, समोर कॅमेरा आणि गोळ्या मुद्दाम कमी केलेल्या. जी येऊ नये म्हणून घरच्यांनी नवस बोलले, तिचीच आता वाट बघायची! दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या रात्री तीन आल्या. त्यात दिसलं की फिट मेंदूच्या कानाजवळच्या, टेम्पोरल नावाच्या भागातून सुरू होतात, पण कधी डावीकडून, कधी उजवीकडून. एकाच बाजूची असती तर तेवढा भाग काढायचा विचार झाला असता. दोन्हीकडचा काढला तर नवीन काही लक्षातच राहणार नाही. म्हणून मग व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन.

डॉक्टर "मानेतली नस" म्हणाले आणि सासूबाईंना वाटलं रक्ताची नस कापणार. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. हा मज्जातंतू मेंदूपासून मानेतून पोटापर्यंत जातो, आणि त्यातले बहुतेक तंतू खालची खबर वर मेंदूला पोचवतात. छातीत यंत्र बसवून, त्याची तार या मज्जातंतूला जोडून, त्याच वाटेने विजेचे बारीक ठोके वर पाठवायचे. यंत्र डाव्या बाजूलाच जोडतात, कारण उजवीकडच्या तंतूंचा हृदयाच्या गतीशी जास्त संबंध. "आपल्यावर प्रयोग तर नाही ना?" ह्यांचा प्रश्न. १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा माणसाला बसवलं, १९९७ मध्ये तिथे अपस्मारासाठी, म्हणजे या फिटच्या आजारासाठी, मान्यता मिळाली, हे ऐकल्यावर चेहरा जरा सैल झाला. डॉक्टरांनी आशा मात्र मोजूनच दिली: फिट पूर्ण थांबणं विरळा, साधारण निम्म्या लोकांत त्या निम्म्यावर येतात, तेही सावकाश, आणि गोळ्या सुटत नाहीत.

विमा कंपनीने आधी नकार दिला, मग तीन वेळा तेच कागद मागितले, मग काही रक्कम दिली. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं थोडंच. मानेवर डावीकडे एक चीर, कॉलरच्या हाडाखाली दुसरी, दुसऱ्या दिवशी घरी. यंत्र दोन आठवड्यांनी चालू केलं. डॉक्टरांनी छातीवर एक चपटी डबी धरली, टॅबलेटवर बोट टेकवलं आणि माझ्या घशात मुंगी चालल्यासारखं झालं. मग खोकला. करंट फक्त ०.२५ मिलीअँपिअर. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी पाव-पाव वाढवायचा, आणि त्या प्रत्येक पावासाठी पहाटेची एसटी पकडून पुणं गाठायचं. सव्वावर पोचले तेव्हा घास गिळताना ठसका लागायला लागला. डॉक्टरांनी प्रत्येक ठोक्याचा काळ ५०० मायक्रोसेकंदांवरून २५० वर आणला, तसा घसा मोकळा झाला. हे असं बदलता येतं, हे विचारल्याशिवाय कळलं नसतं. म्हणून सांगते, त्रास अंगावर काढू नका.

पहिले चार महिने वहीत काहीच फरक नव्हता. मी फिटची तारीख लाल पेनाने लिहिते. पाचव्या महिन्यात सात, आठव्यात पाच. आता दीड वर्षाने तीन-चार असतात, आणि नंतरची गुंगी अर्ध्या तासाऐवजी पाच-दहा मिनिटांत उतरते. मला विचाराल तर खरी कमाई ही दुसरी.

मनगटावर लोहचुंबक असतं. पोटातून चढायला लागलं की ते छातीवरून एकदा फिरवायचं, यंत्र जादा ठोके देतं. कधी फिट तिथेच विरते, कधी नाही. मला नाही जमलं तर मुलगा फिरवतो. सुरुवातीला त्याने ते फ्रिजला चिकटवून ठेवलं होतं आणि अख्खं घर शोधत होतं.

मध्ये मान आखडली म्हणून शेक घ्यायला गेले, तर तिथे डायथर्मीचं, म्हणजे लहरींनी आतून शेक देणारं, मशीन लावायची तयारी. पर्समधलं यंत्राचं कार्ड काढून दाखवलं. यंत्र असताना डायथर्मी अजिबात चालत नाही, तारा आत तापतात. एमआरआयच्या आधीही सांगावंच लागतं.

चुंबकाचा आणखी एक उपयोग आहे. फिरवण्याऐवजी छातीवर धरूनच ठेवलं तर यंत्र तेवढा वेळ थांबतं. गणपतीत मी आरतीला तसंच करते, आवाज शेवटपर्यंत टिकतो. सासूबाई शेजारून कोपर मारतात, "अगं, एका हाताने कसल्या टाळ्या वाजवतेस?"